जॅझ आपला नाही? पुणतांब्याच्या अण्णांना विचारा!

मित्र-मैत्रिणींनो, आणि चुकून हे पान उघडलेल्या सर-मॅडमनो,

गॅदरिंगची तारीख नोटीस बोर्डवर लागली की आपल्याकडे दोन पक्ष तयार होतात. एक 'वेस्टर्न' वाल्यांचा, दुसरा 'आपली संस्कृती' वाल्यांचा. मग कमिटीच्या मीटिंगमध्ये स्लॉटवरून भांडणं. त्यांना बँडसाठी पंचवीस मिनिटं दिली तर आम्हाला लावणी आणि पोवाड्यासाठी पंचवीस मिनिटं पाहिजेत! प्रत्यक्ष कार्यक्रमात काय होतं ते सगळ्यांनाच माहीत आहे. स्टेजवर गिटार आली की मागच्या रांगांतून हुर्यो सुरू होतो, आणि ढोलकी आली की पुढच्या रांगांत नाकं मुरडली जातात. एका पक्षाला दुसरा 'घाटी' वाटतो आणि दुसऱ्याला पहिला 'साहेबाची अवलाद'.

माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मला न विचारताच वेस्टर्नच्या यादीत टाकलं जातं. पण मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. 'हे आपलं की त्यांचं?' असं विचारण्यापेक्षा 'हे नीट शिकून केलंय की नुसतं उचललंय?' असं विचारायला हवं. आणि हे पटवून द्यायला मला न्यूयॉर्कला जायची गरज नाही. आपल्या जिल्ह्यातलं पुणतांबा पुरेसं आहे.

पुणतांबा म्हटलं की आपल्याला काय आठवतं? गोदावरीचा काठ, चांगदेवांची समाधी, दौंड-मनमाड लाईनवरचं जंक्शन आणि २०१७ चा शेतकरी संप. पण याच पुणतांब्यात १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्र नरहर चितळकर नावाचा मुलगा जन्मला. पुढे सिनेमावाले त्याला सी. रामचंद्र म्हणून ओळखू लागले आणि जवळची माणसं 'अण्णा' म्हणू लागली. हिंदी सिनेमाच्या गाण्यात जॅझ घेऊन येणाऱ्या पहिल्या काही संगीतकारांत या अण्णांचं नाव येतं. नगर जिल्ह्यातला (आता अहिल्यानगर, पण बस कंडक्टर अजून 'नगर, नगर' असंच ओरडतो!) एक मराठी माणूस आणि जॅझ? हो.

अण्णांची सुरुवात अगदी देशी. गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे ते गाणं शिकले, म्हणजे राग, ताल, पलटे, सगळं रीतसर. सिनेमात मात्र ते हिरो व्हायला आले होते. नायक म्हणून केलेला 'नागानंद' चालला नाही. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये बारीकसारीक भूमिका आणि संगीतकारांच्या हाताखाली पेटी वाजवणं. संगीतकार म्हणून पहिली संधी चक्क तामिळ चित्रपटांनी दिली. हिंदीत भगवानदादांनी 'सुखी जीवन' (१९४२) दिला आणि गाडी रुळावर आली. संगीत देताना ते 'सी. रामचंद्र' असत आणि गाताना 'चितळकर'. जुन्या रेकॉर्डवर चितळकर हे नाव दिसलं तर तो दुसरा कोणी नाही, अण्णाच.

आता जॅझकडे येऊ. आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की जॅझ म्हणजे कुठलाही इंग्रजी गोंगाट. तसं नाही. जॅझ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडवला. त्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, स्विंग. आपण लेक्चर ऑफ असताना बेंच बडवतो तेव्हा मात्रेचे दोन सारखे भाग करतो. स्विंगमध्ये पहिला भाग लांब आणि दुसरा आखूड असतो, त्यामुळे ताल झोपाळ्यासारखा झुलतो. शिवाय जोर पहिल्या मात्रेऐवजी बऱ्याचदा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. दुसरी गोष्ट, कॉर्ड. आपल्या संगीतात एका वेळी एक स्वर पुढे चालतो. तिकडे तीन-चार स्वर एकदम वाजतात आणि त्यांची जागा बदलली की गाण्याचा मूड बदलतो. तिसरी, जागच्या जागी सुचेल ते वाजवणं. ही तर आपल्या गवयांची रोजची सवय! आणि स्कॅट म्हणून जो प्रकार आहे, निरर्थक अक्षरांवर गाण्याचा, तो आपल्या तराण्याचा लांबचा भाऊच म्हणायला हरकत नाही.

हा जॅझ मुंबईत आला कसा? तर बोटीने. १९३५ मध्ये लिऑन अॅबी हा अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्याच्या मागोमाग टेडी वेदरफर्डसारखा पट्टीचा पियानोवादकही आला. ताजमध्ये नाचायला येणारे साहेब, राजे-महाराजे आणि बडे पारशी. पण ते संगीत खऱ्या अर्थाने कान देऊन ऐकत होते ते गोव्याचे वादक. गोव्यावर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचं राज्य होतं. तिथल्या चर्चच्या शाळांमध्ये पोरांना लहानपणापासून व्हायोलिन आणि स्टाफ नोटेशन शिकवलं जायचं. ही मुलं पोटासाठी मुंबईला आली, धोबीतलाव भागात आपापल्या गावच्या 'कूड'मध्ये राहिली आणि हॉटेलांच्या बँडमध्ये लागली. त्यातलाच एक आल्दोना गावचा अँटोनियो झेवियर वाझ. ट्रम्पेट असं वाजवायचा की लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. बँडच्या दुनियेतलं त्याचं नाव चिक चॉकलेट.

आणि हा चिक चॉकलेट आपल्या पुणतांब्याच्या अण्णांचा सहायक झाला! इथे खरी केमिस्ट्री सुरू होते.

त्या काळात गाणं रेकॉर्ड कसं व्हायचं ते आजच्या मोबाईलवाल्यांनी समजून घ्यायला पाहिजे. कट-पेस्ट नाही, वेगवेगळे ट्रॅक नाहीत. गायक आणि सगळे वादक एकाच वेळी एकाच खोलीत. एकाचा सूर चुकला की सगळं पहिल्यापासून. अशा वेळी समोर कागद ठेवला की पहिल्याच वाचनात बिनचूक वाजवणारा माणूस सोन्यासारखा. संगीतकार पेटीवर चाल द्यायचा. ती नोटेशनमध्ये लिहायची, कुठे ट्रम्पेट, कुठे क्लॅरिनेट, मागे कुठल्या कॉर्ड हे ठरवायचं, प्रत्येक वादकाला त्याचा कागद द्यायचा, हे काम अरेंजरचं. आपल्या भाषेत सांगायचं तर डिझाईन अण्णांचं, पण त्याचं वर्किंग ड्रॉइंग करणारी माणसं ही. ड्रॉइंगशिवाय वर्कशॉपमध्ये जॉब होतो का?

या मंडळींनी मिळून काय केलं बघा. 'शहनाई' (१९४७) मध्ये रविवारी भेटायला बोलावणारं ते खोडकर गाणं, त्यात गिटार, माउथ ऑर्गन, सॅक्सोफोन आणि चक्क शिट्टी. 'पतंगा' (१९४९) मध्ये रंगूनहून आलेल्या टेलिफोनचं गाणं, शमशाद बेगम आणि स्वतः चितळकर. 'अलबेला' (१९५१) मधल्या 'शोला जो भडके' मध्ये बाँगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन. याच सिनेमात चिक चॉकलेट आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. 'शिनशिनाकी बूबला बू' (१९५२) हे तर सिनेमाचं नावच स्कॅट वाटावं असं. आणि मग 'आशा' (१९५७) मधलं 'ईना मीना डीका', किशोरकुमार एका श्वासात गातोय असं वाटणारं. त्या गाण्याची गोष्ट अशी सांगतात की बाहेर मुलं 'ईनी मीनी' म्हणत खेळत होती, ते अण्णांनी उचललं, आणि त्यांचे गोवेकर सहायक जॉन गोम्स यांनी त्यात 'मला नको' या अर्थाचे कोकणी शब्द टाकून दिले. म्हणजे इंग्रजी खेळ, कोकणी शब्द, अमेरिकन ऱ्हिदम, मराठी संगीतकार, बंगाली गायक आणि हिंदी सिनेमा! यातलं 'शुद्ध' काय आहे ते शोधून दाखवणाऱ्याला माझ्यातर्फे कॅन्टीनची मिसळ.

आता कोणी म्हणेल, "अगं, पण ही तर नुसती कॉपी आहे!" हा आक्षेप मी टाळणार नाही. 'समाधी' (१९५०) मधलं 'गोरे गोरे' ऐका आणि १९४५ च्या 'डॉल फेस' या अमेरिकन सिनेमातलं कार्मेन मिरांडाचं 'चिको चिको' ऐका. चाल सरळ तिकडची आहे. आपण ड्रॉइंगच्या शीटवर काचेखाली बल्ब लावून जीटी मारतो, तसलाच प्रकार. जीटीला जीटीच म्हणायला पाहिजे, मारणारा आपल्या जिल्ह्याचा असला तरी.

पण जीटी मारणाऱ्याला नंतर व्हायवामध्ये काही सांगता येत नाही, हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे. अण्णांचं तसं नव्हतं. ज्या 'अलबेला'त 'शोला जो भडके' आहे, त्याच 'अलबेला'त बाळाला झोपवणारी अंगाईही आहे, पिलूच्या अंगाने जाणारी, एकदम हळुवार. 'अनारकली' (१९५३) मध्ये बागेश्री आहे. शांतारामबापूंच्या 'नवरंग' (१९५९) मध्ये होळीचं नृत्यगीत आहे. मराठीत 'घरकुल' (१९७०) आहे. आणि २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर नेहरूंसमोर लताबाईंनी जे गाणं गायलं, कवी प्रदीप यांचं 'ऐ मेरे वतन के लोगो', ज्याच्याशिवाय आपली एकही २६ जानेवारी जात नाही, त्याची चालही अण्णांचीच! झेंडावंदनाला जे गाणं ऐकून आपण ताठ उभे राहतो ते आणि 'ईना मीना डीका', दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यातून आली आहेत. मग सांगा, या माणसाला गॅदरिंगच्या कुठल्या स्लॉटमध्ये बसवणार?

माझं म्हणणं इथे स्पष्ट करते. भेसळ आणि मिश्रण यात फरक आहे. दुधात पाणी घातलं की भेसळ, कारण दूध पातळ होतं. मेटलर्जीत लोखंडात ठरलेल्या प्रमाणात कार्बन घातला की पोलाद होतं आणि ते लोखंडापेक्षा मजबूत असतं. पण प्रमाण कळायला दोन्ही पदार्थांचे गुण माहीत असावे लागतात. अण्णांना राग माहीत होते, चिक चॉकलेटला कॉर्ड माहीत होत्या. दोघांनाही आपापला विषय पक्का येत होता म्हणून ते जमलं. आपले वेस्टर्नवाले तीन कॉर्डवर सगळी गाणी उरकतात आणि ट्रॅडिशनलवाले पेन ड्राइव्हवर ट्रॅक लावून नाचतात. मग भांडण कशाचं? दोघांनीही रियाज केलेला नाही!

आता थोडं सरकारबद्दल. स्वातंत्र्यानंतर १९५२ ते १९६२ या काळात माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री होते बा. वि. केसकर, आपल्या पुण्याचे. सिनेसंगीत हे पाश्चात्त्य वळणाचं आणि हलकं आहे असं त्यांचं मत, त्यामुळे आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. केसकरांचा हेतू वाईट नव्हता. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला आणि कितीतरी गवयांना, वादकांना रेडिओने आधार दिला. पण लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवून सिलोन लावलं. अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' १९५२ मध्येच सुरू झाली आणि घराघरांत पोचली. शेवटी १९५७ मध्ये सरकारला विविध भारती काढावी लागली. एक मराठी मंत्री गाणी थांबवत होता आणि एक मराठी संगीतकार तीच गाणी करत होता, हे मला फार गमतीचं वाटतं. 'मराठी संस्कृती' यातली नक्की कोणती?

आणि हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. रशियाचंच बघा. अलेक्झांडर त्स्फासमान (१९०६-१९७१) हा पियानोवादक आणि संगीतकार मॉस्को कॉन्झर्व्हेटरीमध्ये रीतसर शास्त्रीय पियानो शिकला, पण नाव कमावलं ते जॅझमध्ये. १९३९ ते १९४६ तो सोव्हिएत रेडिओच्या जॅझ ऑर्केस्ट्राचा प्रमुख होता. पुढे स्टालिनच्या शेवटच्या वर्षांत जॅझ म्हणजे शत्रूचं संगीत ठरलं, सॅक्सोफोनवर संक्रांत आली. तेव्हा तिथल्या पोरांनी हॉस्पिटलच्या जुन्या एक्स-रे फिल्म गोळा केल्या आणि त्यांवर चोरून गाणी कोरून घेतली. बरगड्यांच्या फोटोवर जॅझ! वरून हुकूम काढून कान बंद करता येत नाहीत, हे मॉस्कोतही खरं आणि मुंबईतही खरं. त्स्फासमानही आधी आपलं शिक्षण पक्कं करूनच जॅझकडे वळला होता, अगदी आपल्या अण्णांसारखा.

इतकं सगळं झाल्यावर एक गोष्ट मात्र मनाला लागते. चिक चॉकलेट १९६७ मध्ये गेला, अण्णा ५ जानेवारी १९८२ ला गेले. अण्णांचं नाव निदान रेकॉर्डवर होतं. त्यांचं 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्रही आहे. पण तो ट्रम्पेट कोणी वाजवला, तो क्लॅरिनेट कोणाचा, कागद रात्रभर बसून कोणी लिहिले? रेकॉर्डच्या लेबलवर संगीतकार, गायक, गीतकार, एवढीच नावं. बाकीची माणसं गायब. अँथनी गोन्साल्विस हे नाव आपल्याला 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मुळे माहीत असतं, पण ते व्हायोलिनचे खरोखरचे मोठे शिक्षक होते आणि त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूची आठवण म्हणून ते नाव गाण्यात आणलं, हे किती जणांना माहीत आहे? प्रोजेक्टमध्ये नाही का, चार जणांचा ग्रुप असतो, एक जण रात्री जागून सर्किट चालू करतो आणि प्रेझेंटेशनला कडक इस्त्रीचा शर्ट घालून दुसराच बोलतो. मार्क सगळ्यांना सारखे. ज्याने सर्किट चालू केलं त्याला काय वाटत असेल, ते तसं जागलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

बाहेरचं घ्यावं, जरूर घ्यावं, पण शिकून घ्यावं. आणि ज्याच्याकडून घेतलं, ज्याच्या मदतीने घेतलं, त्याचं नाव घ्यावं. मला वाटतं, आपल्या गॅदरिंगचं भांडण या दोन अटींत मिटतं.

म्हणून कमिटीला आणि सरांना माझ्या काही सूचना आहेत. एक, पुढच्या वर्षी वेस्टर्न आणि ट्रॅडिशनल असे वेगळे स्लॉट बंद करा. एकच संगीताचा कार्यक्रम ठेवा आणि अट घाला की प्रत्येक ग्रुपमध्ये निदान एक वाद्य 'त्या' पक्षाचं पाहिजे. बॉईज हॉस्टेलमध्ये गणपतीत ताशा वाजवणारी मुलं आहेत, लेडीज हॉस्टेलमध्ये कीबोर्ड शिकलेल्या मुली आहेत, मेसच्या मावशींना ओव्या येतात. यांना एकत्र बसवा. पहिल्या आठवड्यात भयंकर आवाज येईल, रेक्टर मॅडमनी तेवढं सहन करावं! दोन, रेकॉर्डेड ट्रॅकला बंदी. वाजवायचं तर हाताने. तीन, निवेदकाने गाणाऱ्याच्या आधी वाजवणाऱ्यांची नावं घ्यायची, आणि साउंडच्या माणसाचंही. चार, १२ जानेवारीला अण्णांची जयंती असते. त्या संध्याकाळी कॉमन रूममधला टीव्ही तासभर बंद ठेवून त्यांची गाणी ऐकू. खर्च शून्य. 'शोला जो भडके' ऐकताना ट्रम्पेटकडे कान द्या आणि लगेच नंतर त्याच सिनेमातली अंगाई लावा. वेस्टर्नवाल्यांनी अंगाईच्या वेळी आणि ट्रॅडिशनलवाल्यांनी ट्रम्पेटच्या वेळी उठून जायचं नाही, एवढीच अट.

पुढच्या वेळी मनमाडकडे जाताना गाडी पुणतांब्याला थांबली की खिडकीतून बाहेर बघा. आपल्या कमिटीने ज्याला कुठल्याच यादीत घेतलं नसतं, तो माणूस या गावचा.

बघा, पटतंय का! नाही पटलं तर मी कॅन्टीनमध्ये भांडायला तयार आहे. फक्त येताना दोन्ही गाणी ऐकून या.